बखीतचा डावा हात

बखीतचा डावा हात फार लवकर शिकला, ही गोष्ट इन्साफच्या मनातून काही केल्या जात नव्हती. शनिवारी त्याला खाणीवर परत न्यायचं ठरलं होतं. मुकादमाशी बोलणं झालं होतं, मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली होती. तरी भेंडी चिरताना, बसची वाट बघताना तिला तो हात दिसायचा.

खाणीतून हातपाय गमावून आलेली माणसं आधी रुसतात. भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, बायकोवर खेकसतात, डाव्या हाताने चमचा धरा म्हटलं की चमचा भिरकावतात. बखीतने पहिल्याच दिवशी चमचा बाजूला सारला आणि म्हणाला, "अब्ला, जेवण आई भरवेल. मला कुऱ्हाड धरायला शिकवा."

तेव्हा ती हसली होती, कौतुकाने.

खाणकामगार तिला अब्ला म्हणत, म्हणजे थोरली ताई आणि शाळेतली बाई यांच्या मधलं काहीतरी. मिनया शहरातल्या हॉस्पिटलच्या मागे एका धर्मादाय संस्थेच्या दोन खोल्या होत्या. टाके निघाले, जखम भरली की माणूस तिथे तिच्याकडे यायचा. उरलेल्या बोटांना, उरलेल्या पायाला पुन्हा काम शिकवायचं, मग स्वतः त्याच्याबरोबर खाणीवर जायचं, मुकादमाशी भांडून त्याला झेपेल अशी जागा मिळवायची आणि पहिला दिवस तिथेच बसून काढायचा, हा तिचा उद्योग. कैरोला शिकून आलेली बाई धुळीत जाऊन बसते म्हणून नणंद अजून नावं ठेवायची. पण नाईलच्या पूर्वेकडच्या डोंगरात जिथे जिथे पांढरा दगड कापतात, तिथे तिथे इन्साफने उभा केलेला एखादा तरी माणूस होता. कुणी एका पायावर गाढवगाडी हाकत होता, कुणी चहाची चूल सांभाळत होता.

तिचा स्वतःचा मुलगा, नाजी, अलेक्झांड्रियाच्या गोदीत वेल्डिंग करायचा. कुणाचाही तुटलेला हात समोर आला की तिला आधी नाजीचा हात आठवे. मग ती फोन करून विचारायची, "हातमोजे घातलेस ना रे?" आणि तो म्हणायचा, "आई, मी तुझा पेशंट नाही."

बखीतबद्दल तिने त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. "जो शिकत नाही त्याची काळजी, जो शिकतो त्याचीही काळजी. तुला नक्की हवंय तरी काय?"

तिने फोन ठेवला आणि उरलेली भेंडी चिरायला घेतली.

*

बखीतचा बाप त्याच डोंगरात मेला होता. करवतीला वीज पुरवणारी तार दगडांवरून उघडीच टाकलेली असते, जोडांना चिंध्या गुंडाळलेल्या. एका सकाळी दंवाने भिजलेल्या जोडावर त्याचा पाय पडला. माणसं धावली तोवर त्याच्या टाचेतून धूर निघत होता आणि दात खालच्या ओठातून आरपार गेले होते. खाणमालकाने सगळीकडे सांगितलं की तो तांब्यासाठी तार कापत होता, चोर होता. चोराच्या घरच्यांनी भरपाई कुठल्या तोंडाने मागायची? बखीत तेव्हा आईचा पदर धरून चालायचा. त्या दिवसापासून वस्तीत तो तांबेचोराचा पोरगा झाला.

चुलत्याने दोघांना घरात घेतलं, पण घास मोजायचा आणि मारायचाही. एकदा म्हैस सुटून गव्हात शिरली, तर म्हशीच्याच दोरीने त्याने पोराची पाठ सोलली. आई मधे पडली, उरलेला मार तिने अंगावर घेतला आणि दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन बाहेर पडली ती कायमची. लोकांच्या घरी मसूर निवडून, चुली सारवून तिने त्याला वाढवलं. ओठांवर लव यायच्या आत तो खाणीत गेला, बापाच्याच खाणीत. आधी दगड उचलत होता, मग विशीत करवतीवर चढला. त्याच्याइतकं सरळ कापणारा दुसरा कुणी नव्हता, असं मुकादम खलफ सांगायचा, आणि खलफ सहसा कुणाला चांगलं म्हणत नसे.

करवतीला दोन माणसं लागतात, एक पात्याजवळ आणि एक बटणाजवळ. बखीत पात्याजवळ असायचा आणि त्याच्याच वस्तीतला, त्याच्याच वयाचा दियाब बटणाजवळ. पातं फिरायला लागलं की धुळीत पाच पावलांवरचं दिसत नाही आणि ओरडलेलं ऐकू येत नाही. पातं थांबवून खालचा चुरा काढायचा, काढून झाला की पात्याजवळच्याने हात वर करायचा, आणि तो हात दिसला की मगच दुसऱ्याने बटण दाबायचं. आपला जीव रोज त्या दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोडायचा. म्हणून भांडलेली माणसं एका करवतीवर ठेवत नाहीत. पण अपघाताच्या दिवशी खलफ भाचीच्या लग्नाला गेला होता.

सकाळी सगळे भाकरी खात बसले होते. उन्हात फुगवलेली जाड भाकरी आणि मुरलेलं खारट चीज.

दियाब म्हणाला, "बखीत, ती तार जरा जपून उचल हां. तुमच्या घराण्याला ती चिकटते."

दोघंचौघं हसले. बखीतने घास गिळला. "काय म्हणालास?"

"काही नाही रे बाबा. म्हटलं, बापाचं अर्धवट राहिलेलं काम तू पुरं करशील."

बखीतने पायातली चप्पल काढली आणि सगळ्यांदेखत त्याच्या तोंडावर हाणली. मग उताणा पाडून, छातीवर गुडघा देऊन, पुन्हा पुन्हा. दियाबचं नाक फुटलं, भाकरीवर रक्त पडलं. माणसांनी ओढून वेगळं केलं तेव्हाही चप्पल बखीतच्या हातातच होती. त्या डोंगरात माणूस सुऱ्याचा वार विसरतो, चपलेचा विसरत नाही.

कुणीतरी म्हणालं, "आज दोघं वेगळ्या करवतींवर जा."

"मी का हटू?" दियाब म्हणाला.

"मी तर मुळीच हटणार नाही," बखीत म्हणाला.

आणि दोघं आपापल्या जागी जाऊन उभे राहिले.

दुपारी बखीत चुरा काढायला वाकला. त्याने अजून हात वर केला नव्हता. पातं फिरलं. उजव्या हाताची मधली तीन बोटं आणि त्यांच्याखालचा तळवा गेला. अंगठा राहिला, करंगळी राहिली, मधे नुसती खाच. रक्त पात्यावर पडून पात्याच्याच वेगाने उडालं आणि चुन्याने माखलेल्या सगळ्या चेहऱ्यांवर शिंपडलं गेलं. बखीत ओरडला नाही. त्याने मान वळवून बटणाकडे बघितलं. दियाब उभा होता, हात बटणावर, नाकाखाली वाळलेलं रक्त.

"दिसलं नाही," दियाब म्हणाला. "धूळ होती. अल्लाशपथ, दिसलं नाही."

*

हॉस्पिटलात खाणीतून आलेला प्रत्येक माणूस घराच्या छपरावरून पडलेला असतो. हात कापलेला असो की वीज लागलेली असो, तो छपरावरून पडलेला असतो. खाणीचं नाव निघालं की पोलीस येतात, खाण बंद होते आणि सगळ्या वस्तीच्या चुली विझतात. बखीतही छपरावरून पडला. तसं खलफने सांगितलं आणि नेहमीप्रमाणे इन्साफनेही मान हलवली. या मान हलवण्याच्या भरवशावरच तिला डोंगरात बसायला जागा आणि प्यायला चहा मिळायचा. इतक्या वर्षांत तिने पोलिसांपुढे कुणाचं नाव काढलं नव्हतं. त्यामुळे दियाबने पात्याखालचा हात बघितला होता की नव्हता, हे त्याला कुणी विचारलंच नाही.

तुटलेली बोटं बखीतच्या आईने धुतली, पांढऱ्या कापडात गुंडाळली आणि नवऱ्याच्या कबरीजवळ पुरली. ही रीतच आहे, माणसाचा तुटलेला अवयव मातीला द्यायचा. त्यानंतर इन्साफ त्यांच्या घरी गेली होती. शेजारच्या बायका काळे कपडे घालून सांत्वनाला आल्या होत्या आणि बखीतची म्हातारी आई दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"माझं काही मेलेलं नाही," ती म्हणत होती. "जा आपापल्या घरी."

"अगं, लेकराचा हात गेला. दोन शब्द तरी बोलू दे."

"नंतर या. मी बोलावीन तेव्हा या."

दियाबचा थोरला भाऊ मन्सी समेटासाठी मेंढी घेऊन आला होता. म्हातारीने मेंढीला पाणी पाजलं आणि दोघांना परत पाठवलं.

इन्साफला वाटलं, बाईला अजून पटत नाहीये. असं ती रोज बघायची. गेलेला हात गेला हे कबूल करायला घरच्यांना वेळ लागतो, कॉलेजातही तेच शिकवलं होतं. खरं तर तिला कॉलेजची काही गरज नव्हती. तिच्या स्वतःच्या आजोबांना उसाच्या शेतात गोळी घातली होती, तेव्हा तिच्या आजीनेही सांत्वनाला आलेल्या बायका अशाच दारातून परत पाठवल्या होत्या. पुढे कित्येक वर्षांनी काकांनी मारेकऱ्याच्या घरचा माणूस टिपला. त्यानंतर दारात चटया अंथरल्या, कुराण म्हणणारा बोलावला, आणि मग कुठे आजी लोकांपुढे रडायला बसली. रक्त फिटल्याशिवाय सांत्वन घ्यायचं नाही, हे इन्साफच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. पण तो माणसाच्या मरणाचा रिवाज होता. तीन बोटांसाठी कुणी दार अडवून उभं राहील असं तिच्या मनातही आलं नाही.

बखीत शिकत गेला. डावा अंगठा बोटांवरून घट्ट घ्यायचा, कोपर अंगाला लावायचं, वार मनगटातून नाही, खांद्यातून यायला हवा. इन्साफ मागे उभी राहून त्याचा खांदा धरून दाखवायची. आधी त्याने ओल्या मातीच्या विटा फोडल्या, मग खजुराचे ओंडके, मग दगड. उजव्या हाताला उरलेला अंगठा आणि करंगळी यांचा तिने चिमटा बनवला. त्यात आधी स्पंज धरायचा, मग भाकरी, मग चामड्याचा पट्टा. पट्ट्याचं दुसरं टोक ती ओढायची आणि त्याने सोडायचा नाही.

"बास आता, सोड."

"तुम्ही सोडवून घ्या, अब्ला."

ती दोन्ही हातांनी ओढायची. पट्टा सुटायचा नाही. बाकीचे पेशंट हसायचे, एखादा म्हणायचा, "याच्याशी लग्न करणारी पळून नाही जायची."

बखीत मात्र हसायचा नाही. जखमेच्या कडा ताणून फाटायच्या, रक्त यायचं, तरी तो पट्टा पुन्हा हातात घ्यायचा.

"एवढी कसली घाई रे तुला?" तिने एकदा विचारलं होतं.

"मागे काम पडलंय," तो म्हणाला होता.

*

शनिवारी सकाळी ती दोघं खलफच्या जीपमधून पूल ओलांडून डोंगरात गेली. इन्साफने डब्यात उकडलेली अंडी आणि भाकरी घेतली होती. बखीत रिकाम्यापोटी आला असणार, अशी तिला खात्री होती. त्याने एकही अंडं खाल्लं नाही.

"दियाब कुठे असतो आता?" तिने खलफला विचारलं.

"पलीकडच्या बाजूला. मी काय मूर्ख आहे, दोघांना एकत्र ठेवायला?"

"मनं साफ झालीत का दोघांची?"

"अब्ला, मन धुवायचं दुकान माझं नाही. याला दगड तासायला बसवतो, उभ्याने काम नाही, सावली आहे. आणखी काय पाहिजे?"

माणसांनी बखीतला घेरलं. डोळे तेवढे दिसत होते, बाकी सगळं फडक्यांत गुंडाळलेलं.

"ये नवरदेवा. बाईमाणसाला सोबत घेऊन आलास, वाट चुकशील म्हणून?"

"हात कुठे ठेवून आलास रे?"

"बापाजवळ," बखीत म्हणाला.

पुढे कुणी थट्टा केली नाही. खलफने त्याला कडेच्या छपराखाली बसवलं, समोर मोठा चौकोनी दगड ठेवला, दगड तासायची छोट्या दांड्याची कुऱ्हाड दिली. बखीतने डाव्या हाताने दोनचार वार घातले. कड सरळ उतरली. खलफ इन्साफकडे बघून भुवया उंचावून गेला, आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं.

पहिल्या विश्रांतीला सगळे चुलीभोवती बसले. दियाब पलीकडून चालत आला. त्याने स्वतः चहा ओतला, काळा, घट्ट, साखर घातलेला, आणि पेला घेऊन बखीतसमोर उभा राहिला. चहा त्याच्या बोटांवर सांडत होता. डोंगरात ज्याच्या हातचा चहा प्यायचा त्याच्यावर हात उचलायचा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे बघत होते. बखीत दगडाकडे बघत राहिला.

दियाब तसाच उभा. कुणीतरी खोकलं. कुणीतरी फडकं सैल केलं. इन्साफला ते सहन होईना. दोन पोरं भांडून बसली की आई मधे पडून एकाच्या हातातलं दुसऱ्याच्या हातात देते, तसं तिने दियाबच्या हातातून पेला घेतला आणि बखीतपुढे केला.

"घे. माझ्यासाठी घे."

बखीतने तिच्याकडे बघितलं. पेला घेतला, एका दमात संपवला. "तुमचे हात सलामत राहोत, अब्ला," तो म्हणाला.

सगळ्यांनी श्वास सोडला. खलफने दोघातिघांना शिव्या घालून कामाला लावलं. दियाबच्या डोळ्यांतून पाणी आलं, चेहऱ्यावरच्या चुन्यात दोन रेघा उमटल्या. तो तिथेच उकिडवा बसला.

"बखीत, माझ्याशीही बोल की दोन शब्द."

"बोलू," बखीत म्हणाला. "आधी हा दगड धर जरा. एका हाताने हलतो."

दियाबने दगडावर हात ठेवला.

बखीतच्या उजव्या हाताचा चिमटा त्याच्या मनगटावर बसला. दियाबने झटका दिला, मनगट सुटलं नाही. डावं कोपर अंगाला लागलेलं, अंगठा बोटांवर आवळलेला. वार खांद्यातून आला. इन्साफने तो ओळखला. पहिल्या घावाने हाड फुटलं पण हात तुटला नाही. दियाब किंचाळला, पाय झाडू लागला, त्याने डोकं बखीतच्या तोंडावर आपटलं, बखीतचा ओठ फाटला. चिमटा तरीही सुटला नाही. दुसरा घाव पडला आणि हात दगडाच्या पलीकडे पडला.

रक्त चुन्यावर वाहिलं आणि जागेवरच लगदा होऊन घट्ट झालं. माणसं घण, पहारी घेऊन धावली. एकाने पहार फेकली, ती बखीतच्या बरगडीवर बसली. तो वाकला, मग सरळ झाला. कुऱ्हाड त्याच्या हातात होती म्हणून कुणी जवळ जाईना.

"काय केलंस," इन्साफ म्हणाली. ती दियाबच्या दंडाची शीर दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसली होती, तिचे कपडे मांडीपर्यंत लाल झाले होते. "चहा प्यायलास ना त्याचा."

"चहा तुमच्या हातचा होता, अब्ला," बखीत म्हणाला. त्याने कुऱ्हाड टाकली आणि तो डोंगरात वर वर पळत गेला.

*

दियाबही छपरावरून पडला.

खलफनेच सांगितलं, निर्विकार चेहऱ्याने. मोठ्या डॉक्टरांनी मनगटाकडे बघितलं, खलफकडे बघितलं आणि हात धुवायला गेले. पोलिसांनी बखीतला शोधायचं काही कारणच उरलं नाही. त्याला शोधत होती ती फक्त दियाबच्या घरची माणसं.

काही दिवसांनी मन्सी तिच्या खोलीत आला. पेरूंची पिशवी टेबलावर ठेवून अदबीने बसला.

"तुमच्या हाताला गुण आहे, अब्ला. आमच्या दियाबलाही शिकवा."

"जखम भरली की शिकवेन. त्यासाठीच बसलेय."

"बखीतला शिकवलंत अगदी तसंच. काही राहू देऊ नका." तो हसला. "आम्हाला घाई नाही. तोवर घरात दुसरे हात आहेत."

"मन्सी, झालं ते झालं. त्याचा गेला, याचा गेला. फिटलं की आता."

"तीन बोटांना अख्खा हात? तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा. त्याने जास्त घेतलंय. जास्तीचं ठेवून घेता येत नाही."

"तो तुझ्या भावाबरोबर वाढलेला पोरगा आहे."

"म्हणून तर आम्ही त्याला अनोळखी माणसाच्या हातून मारणार नाही," मन्सी म्हणाला आणि उठला. "पेरू खा. गोड आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी बखीतची आई आली. तिची भुवई फुटली होती, रक्त वाळून पापणी चिकटली होती. इन्साफने तिला बसवून जखम धुतली.

"मन्सीची माणसं आली होती," म्हातारी म्हणाली. "चूल फोडली. शेळीच्या पायांच्या शिरा तोडून तिला दारात टाकली, मला म्हणाले, आता हिला चालायला शिकव. मी मधे गेले तर हे." तिने भुवईला हात लावला. मग आवाज न बदलता म्हणाली, "त्याआधी मी दारात चटया घातल्या होत्या. बायका आल्या. सगळ्यांचं ऐकून घेतलं. माझ्या लेकराच्या हातासाठी मी पहिल्यांदा रडले, अब्ला."

इन्साफचे हात थांबले. भुवईवरचा कापूस तिने तसाच दाबून धरला.

"खाला, तो कुठे आहे?"

"उत्तरेच्या बंद खाणीत. जुन्या पाण्याच्या टाकीमागे. बरगडी मोडलीय. तापाने बडबडतोय, उजव्या हाताची जखम उलली, त्यातून पू येतोय. औषध द्या. मी घेऊन जाते."

"त्याला पोलिसांच्या हवाली करू या. तुरुंगात तरी जिवंत राहील."

म्हातारीने तिचा हात भुवईवरून बाजूला केला. "त्याच्या बापाची टाच जळून काळी झाली होती. पोलीस आले, मालकाच्या खुर्चीत बसून चहा प्याले आणि चोर म्हणून गेले. त्यांना देऊ माझं पोर? त्यापेक्षा मी माझ्या हातांनी कबर खणते." ती उठली. "आणि ऐका. तुम्ही नाव काढलंत तर डोंगरात तुम्हाला कुणी पाणी विचारणार नाही. एक माणूस येणार नाही या खोलीत. औषध देता की जाऊ?"

इन्साफने गोळ्या दिल्या, पट्ट्या दिल्या, किती वेळाने काय द्यायचं ते दोनदा समजावलं. डब्यातली भाकरीही तिच्या पिशवीत कोंबली. म्हातारी जिन्याने उतरली.

खिडकीतून फाटकासमोरचा रस्ता दिसत होता. म्हातारी एका रिक्षात बसली. उसाच्या रसाच्या दुकानाशी दोन माणसं मोटरसायकलला टेकून उभी होती. एकाला इन्साफने वॉर्डात दियाबच्या खाटेशी बसलेलं बघितलं होतं. त्याने रसाचा ग्लास खाली ठेवला, शांतपणे तोंड पुसलं. रिक्षा पुलाच्या दिशेने वळली, तशी मोटरसायकल तिच्या मागे लागली, ना जवळ, ना लांब.

इन्साफ धावत खाली गेली. फाटकापर्यंत पोचली तोवर रिक्षा दिसेनाशी झाली होती. म्हातारीकडे फोन नव्हता. खलफला सांगावं तर तो पाच मिनिटं ऐकून घेईल आणि म्हणेल, अब्ला, घरी जा. स्वतः जावं तर पुलावर दुपारच्या ट्रकांची रांग. पूर्वेच्या काठावर, डोंगराच्या पायथ्याशी, पोलीस ठाणं होतं. बंद खाणीला तिथून सगळ्यात जवळचा रस्ता.

ती परत वर आली. बाहेरच्या बाकावर दोन कुबड्यांचा एक दगडवाला बसला होता. सोमवारी त्याला खाणीवर न्यायचं होतं, चहाच्या चुलीवर बसवायचं होतं, मुकादम कबूल झाला होता. तिला बघून तो सावरून बसला.

"अब्ला, सोमवारचं नक्की ना?"

खोलीच्या दारातच उभी राहून तिने फोन काढला. रक्तदान शिबिराच्या वेळी ठाण्याच्या अंमलदाराचा नंबर तिला कुणीतरी दिला होता. तो तिने कधी लावला नव्हता. म्हातारीची चिकटलेली पापणी तिच्या डोळ्यांसमोर आली. ती बाई आता मरेपर्यंत आपलं नाव तोंडात घेणार नाही, हे तिला कळत होतं. टाकीमागे तापात पडलेला तिचा लेक अजून एकटा असेल, थोड्या वेळाने नसेल.

"साहेब, पूर्वेच्या ठाण्यातलेच ना?" ती मनात जुळवत पुटपुटली, शब्द तपासून बघावेत तशी. बाकावरच्या माणसाने ते ऐकलं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. कुबड्या काखेत घेतल्या आणि हळूहळू जिन्याकडे निघाला.

तिने त्याला थांबवलं नाही. नंबर दाबला आणि फोन कानाला लावला.